गप्प उभं राहिल्याची नोंद

सरकारी दप्तरात कमळू चांगो आगिवले याच्या तोंडचं म्हणून एकच वाक्य आहे, आणि ते तो बोललेला नाही. ‘विचारणा केली असता, सदर जमीन खरेदी करण्यास राजी नसल्याचे कुळाने सांगितले.’ खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. कमळूला सही येते. चौथीच्या वर्गात त्याच्याइतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

म्हणजे त्या एका कागदावर वाक्य खोटं आहे आणि ठसा खरा असून उपयोगाचा नाही. बाकी तारीख, शिक्का, साहेबांची सही, सगळं जागच्या जागी आहे.

टोकावड्याच्या रस्त्यावरून आत दोन तास चाललं की हेदवाडी लागते. वीस-बावीस घरांची ठाकरवाडी. पाऊस सरला की लांबवर सिद्धगडाचा माथा दिसतो. वाडीच्या खाली ओढ्याला लागून दोन एकर भाताची खाचरं आहेत. कमळूच्या आज्याने दगड उचलून त्यांचे बांध घातले, बापाने, म्हणजे चांगोने, ती जन्मभर कसली. कागदावर मालक दुसरा होता. तालुक्याच्या गावी राहणारा एक व्यापारी. तो जमीन बघायला आलेला वाडीत कुणाला आठवत नाही. त्याच्या वतीने खालच्या गावचा देवराम यायचा. खळ्यावर बसून मालकाच्या वाट्याचं भात मोजून न्यायचा. त्याचं स्वतःचं शेतही कमळूच्या बांधाला लागूनच होतं.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये कायदा बदलला. जो कसतो तो मालक, असं सरकारने ठरवलं. पण त्यात एक पायरी ठेवली. कुळाने न्यायाधिकरणासमोर हजर व्हायचं आणि जमीन घ्यायला राजी आहे, असं सांगायचं. जो आला नाही किंवा राजी नाही म्हणाला, त्याचा हक्क गेला. कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं असावं की एवढं तर कोणीही सांगेल. तोंड उघडायला काय लागतं?

त्याच पावसाळ्यात चांगो तापाने गेला. वारस म्हणून कमळूचं नाव लागलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

कमळूला काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण ते विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तो मुका नव्हता. घरात बोलायचा. धाकट्या बहिणीशी, लहानीशी, भांडायचा. बैलांशी तर नांगर धरल्यापासून सोडीपर्यंत बोलायचा. मोऱ्या आणि बांड्या ही त्याची जोडी; त्यांच्याशी तो हवापाण्यापासून आईच्या स्वयंपाकापर्यंत सगळं बोले. पण चार परकी माणसं त्याच्याकडे बघू लागली की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची, घसा कोरडा पडायचा, तळहात ओले व्हायचे, आणि मग कानात असा काही आवाज भरायचा की समोरचा काय बोलतो तेच ऐकू यायचं नाही. टोकावड्याच्या बाजाराला तो जायचा तो वेशीपर्यंत. हिरड्याची पाटी लहानी घेऊन जायची, हा वेशीवरच्या करंजाखाली बसायचा. लग्नात सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायचा. फॉरेस्ट गार्ड समोरून येताना दिसला की टेकडी ओलांडून फेऱ्याने घरी यायचा. एकदा त्याच्यासाठी मुलगी बघायला गेले, तर हा मुलीच्या अंगणात पाऊल टाकायच्या आधीच रानात शिरला. मुलीच्या बापाने निरोप पाठवला, पोराचं डोकं ठीक करा, मग या.

डोकं ठीक करण्याचे प्रयत्न झाले. भगताने दंडाला काळा दोरा बांधला. दवाखान्याच्या डॉक्टरने बॅटरी लावून घसा पाहिला आणि घसा साफ आहे म्हणून सांगितलं. शाळेचे मास्तर म्हणाले, “ही ठाकरांची जातच लाजरी.”

मास्तरांना हे म्हणण्याचा हक्क सगळ्यांत कमी होता.

खालच्या गावातल्या त्या एकशिक्षकी शाळेत कमळू हा वाडीवरून येणारा एकुलता मुलगा होता. शाळेत पाहुणे आले, म्हणजे शाळा तपासणारे दिपोटी साहेब, गावचे पुढारी, कुणाचे मुंबईचे जावई, की मास्तर कमळूला उभं करायचे. “हा आमचा ठाकर. कमळ्या, सकाळी काय खाऊन आलास? शुद्ध नको, तुमच्या बोलीत सांग.” कमळू सांगायचा. पाहुणे हसायचे. मास्तर म्हणायचे, “आता अस्वलाची गोष्ट सांग.” पहिल्या वेळी कमळूही हसला होता; आपण काही चांगलं बोललो असं त्याला वाटलं. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याला कळलं की आपण जे बोलतो त्याला नव्हे, आपण बोलतो यालाच लोक हसतात. चौथीत असताना एकदा पाहुण्यांसमोर उभा राहिला, शब्द फुटला नाही आणि चड्डी ओली झाली. मग तर वर्ग पाट्या बडवून हसला. मास्तरांनी पाहुण्यांना चहा विचारला. चौथीची परीक्षा देऊन कमळूने शाळा सोडली.

चार वर्षं त्या मुलाला शिकवण्यात आलं की तुझं तोंड ही इतरांच्या करमणुकीची वस्तू आहे. तो हुशार होता, धडा पक्का शिकला. आणि ज्यांनी शिकवला त्यांनीच नंतर तो त्याच्या जातीच्या खाती घातला.

साठ सालच्या जानेवारीत न्यायाधिकरणाची नोटीस आली. तलाठ्याने ती वाडीत वाचून दाखवली. कमळूने पुन्हा स्वतः वाचली. वाडीचे जाणते कोंडूबाबा त्याला म्हणाले, “एकच गोष्ट बोलायची हाय तुला. व्हय साहेब, जमीन घ्यायची हाय. बस.”

पुढचे आठ दिवस कमळू ते वाक्य घोकत होता. खाचराच्या बांधावर बैल चरायला सोडून, मोऱ्याच्या समोर उभा राहून, मोठ्याने. शाळेतल्यासारखं शुद्ध. “होय साहेब, जमीन घ्यायची आहे.” मोऱ्याने मान हलवली की पुन्हा. शेजारच्या बांधावर देवराम तूर तोडत होता. त्याने विचारलंही, “काय रे कमळू, बैलाला जमीन विकतो काय?” कमळूने पाठ फिरवली. पण देवरामने ते ऐकलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सुनावणी खालच्या गावात ठेवली होती. गावात टेबल-खुर्ची असलेली जागा एकच, शाळा. त्याच खोलीत, मास्तरांच्याच टेबलामागे साहेब बसले होते. बाजूला कारकून. जमिनीवर साठ-सत्तर माणसं. दिवसभरात एक्केचाळीस प्रकरणं उरकायची होती. बायांना आत जागा नव्हती, म्हणून कमळूची आई रखमी बाहेर खिडकीशी उभी होती, कोंडूबाबा तिच्यासोबत. साहेबांच्या चहापाण्याची व्यवस्था मास्तरांकडे होती.

एकोणिसावं नाव पुकारलं. कमळू टेबलासमोर गेला. आठ वर्षांपूर्वी तो उभा राहायचा ती जागा तिथून दीड हात होती.

“कमळू चांगो तूच?” साहेबांनी विचारलं. “जमीन घ्यायची आहे का?”

कमळूने ओठ उघडले. बाजूच्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे ‘हो’चा आकारही झाला होता. तेवढ्यात मास्तर कपबशी ठेवता ठेवता बोलले.

“साहेब, हा माझा विद्यार्थी बरं का. ठाकर आहे. कमळ्या, तुमच्या बोलीत सांग की साहेबांना. ऐका साहेब, मजा येते.”

खोली हसली. साहेबांनाही थोडं हसू आलं. सकाळपासून कंटाळले होते ते. कमळूची मान खाली गेली.

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग कारकुनाकडे वळून म्हणाले, “राजी दिसत नाही. घ्या लिहून.” कारकुनाने लिहिलं. “अंगठा,” असं म्हणून कमळूचा हात धरला, शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर दाबला. सही येते का, असं विचारायची पद्धत ठाकरांच्या बाबतीत नव्हती. विसावं नाव पुकारलं गेलं.

कमळूने पुढे कधीतरी बहिणीला सांगितलं ते एवढंच, “मना काय ऐकू नाय आला. साहेबाचा तोंड हालत होता नुसता.”

आता यापुढची चूक हेदवाडीची. आतलं बोलणं खिडकीपर्यंत पोचत नव्हतं. कोंडूबाबांनी तिथून काय पाहिलं? पोरगा गेला, मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, अंगठा झाला. घोकलेलं वाक्य राहिलं, पण वाडीच्या बैठकीत संमती अशीच असते. जाणत्यांनी विचारायचं, धाकट्याने मान खाली घालून गप्प राहायचं, म्हणजे कबूल. लग्न असो, वाटणी असो, दंड असो. ज्याला नकार द्यायचा असतो तोच तोंड उघडतो, आणि तेही वडीलधाऱ्यांचा राग पत्करून. होकार बोलून दाखवणं म्हणजे उतावीळपणा. कोंडूबाबांनी साठ वर्षं दुसरी रीत पाहिलेली नव्हती.

“झाला गो रखमे,” ते म्हणाले. “पोरानं मान ठेवला साहेबाचा. मोठ्या पोरासारखा उभा राहिला.”

वाटेत ओढ्यावर कमळू खाली बसला आणि रेती घेऊन अंगठा घासू लागला. रखमीने पाहिलं.

“अंगठा? तुला सही येते नं रे?”

तो घासत राहिला. कातडी लाल झाली तरी थांबेना.

“सोड त्याला,” कोंडूबाबा म्हणाले. “सरकारी कामाला अंगठाच घेत असतील. सही काय, कोनीबी मारतं.”

रखमीने त्या संध्याकाळी घरोघर गूळ वाटला. कमळू आत पडून होता. आपण बोललो नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याचा अर्थ त्या टेबलावर काय लागला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. निकालाविरुद्ध अपिलाची मुदत साठ दिवसांची होती. ते साठ दिवस हेदवाडीने आनंदात घालवले.

चैत्रात कमळू भाताच्या रोपांसाठी राब भाजायला ओढ्याकाठी पालापाचोळा पसरत होता, तेव्हा देवराम आला. सोबत दोन गडी.

“राब कुणासाठी लावतोस रे? जमीन मालकाकडे गेली परत. तूच नको म्हणालास नं साहेबाला.”

कमळू बघत राहिला.

“बघा,” देवराम गड्यांना म्हणाला, “आतापण मी खोटं बोलतो असं म्हणत नाय.”

दुसऱ्या दिवशी रखमी तालुक्याला चालत गेली. कचेरीत तीन दिवस बसल्यावर एका कारकुनाने तिला तो कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचला.

“सांगितला? माझ्या पोरानं सांगितला?”

“असं लिहिलंय.”

“अरे बाबा, तो सांगत नाय हाच तर त्याचा दुखना हाय. सतरा माणसांम्होरं त्याच्या तोंडून पानी मागवत नाय. तो नाय कसा म्हनंल?”

“मग हो म्हणाला का?”

“नाय.”

“झालं तर,” कारकून म्हणाला आणि दप्तर बांधलं.

घरी येऊन तिने कमळूला जे सुनावलं ते सगळ्या वाडीने ऐकलं. बापाची जमीन घालवलीस, बैलाम्होरं जीभ चालते, साहेबाम्होरं कुठं जाते, तुझ्यापेक्षा लहानी जन्माला आली असती आधी तर बरं. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिचा राग खरा होता, पण चुकीच्या माणसावर निघत होता, कारण बरोबर माणसं तिच्या हातापलीकडे होती.

पाचव्या दिवशी कमळूने लहानीकरवी टोकावड्याहून वही मागवली आणि एक अर्ज लिहिला. पाच ओळींचा. ‘मी शाळेत उभा होतो. मी काही बोललो नाही. मी नाही असे म्हटले नाही. मला माझ्या बापाची जमीन घ्यायची आहे. मला बोलता येत नाही म्हणून लिहून देतो.’ खाली सही, पूर्ण नावाची.

मुदत टळली होती. तरी प्रांतसाहेबांनी अर्ज ऐकायला घेतला, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. सुनावणी लागली ती एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर. या वेळी रखमी दारात उभी राहू शकली. मालकाचा वकील होता, देवराम होता. मालक नव्हता.

वकिलाने मूळ कागद पुढे केला. “साहेब, या इसमाचा अंगठा आहे इथे. आणि हा अर्ज बघा. हे अक्षर या इसमाचं? कुणीतरी लिहून दिलंय.”

प्रांतसाहेबांनी कमळूला जवळ बोलावलं, कोरा कागद आणि टाक दिला. “लिही तुझं नाव.”

खोलीतली सगळी माणसं मान पुढे करून त्याच्या हाताकडे बघू लागली. कमळूने टाक धरला. हात असा थरथरत होता की शाईचे थेंब आधी पडले. ‘क’ची काठी वाकडी गेली. टाक कागदात रुतला, कागद फाटला. जे अक्षर घरात एकट्याने बसून मोत्यासारखं आलं, ते इथे आलं नाही. भीती घशात बसते तशी बोटांतही बसते, हे तिथल्या कुणालाही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

“आणि बोलता येत नाही म्हणतो,” वकील म्हणाला. “देवराम, तू शेजारी. हा मुका आहे का?”

“कुठला मुका साहेब. दिवसभर बैलांशी बडबडतो. आमच्या बांधावर बसून ऐकतो नं आमी.” आणि देवरामने नक्कल केली. कमरेत वाकून, ठाकरी हेल काढून. “चाल रं मोऱ्या, दमला का रं माझ्या बाबा.” नक्कल चांगली साधली. शिपाईसुद्धा हसला.

दारातून रखमी बोलली. आवाज चढवला नाही तिने.

“देवराम, त्या पौषातल्या आठ दिसांत बैलाला काय सांगत होता, तोबी करून दाखव. तू तूर तोडत होतास. ऐकला हायस तू.”

देवराम जमिनीकडे बघू लागला.

“बाई, तुम्हाला विचारलेलं नाही,” साहेब म्हणाले. शिपायाने तिला व्हरांड्यात काढलं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. अर्जदारास बोलता येते हे सिद्ध झाले आहे. सबब त्याने गप्प राहण्यास काही कारण दिसत नाही. मूळ जबाब कायम.

म्हणजे मुका असता तर कदाचित जमीन राहिली असती. बोलका असता तर नक्कीच राहिली असती. देवरामने जे ऐकलं होतं ते त्याला सांगावं लागलं नाही, आणि कमळूला जे सांगता आलं नाही ते त्याने सांगितलं असं ठरलं. वर्गात, सुनावणीत आणि प्रांतासमोर, तीन वेळा लोक त्याला हसले, तिन्ही वेळा टेबलामागे शिकलेला माणूस होता, आणि तिन्ही वेळा दोष कमळूचा निघाला.

अर्ज चालू असताना दोन पावसाळे खाचरांत कुणी नांगर घातला नव्हता; निकालानंतर मालकाने ती देवरामला अर्धेलीने दिली. बासष्टच्या पावसाळ्यात देवरामने पहिला नांगर घातला. ओढ्याकाठच्या खाचरात एक जागा आहे, वरून इतर चिखलासारखी दिसते, पण बैल पोटापर्यंत आत जातो. नांगर कुठे वळवायचा ते आगिवल्यांच्या तीन पिढ्यांना पाठ होतं; खूण अशी कुठलीच नाही. देवरामचा बैल पहिल्याच दिवशी रुतला. सहा माणसांनी दोर लावून काढला तेव्हा त्याचा पुढचा पाय गेला होता.

दोन दिवसांनी देवराम हेदवाडीत आला. कोंडूबाबांच्या अंगणात दहा-पंधरा माणसं होती. कमळू कोपऱ्यात इरलं विणत बसला होता.

“कमळू,” देवराम म्हणाला, “जाऊ दे रे मागचं. दोन दिवस येऊन नांगर धर. खालच्या खाचरापुरता. बैल घेऊन ये तुझे, तुझंच ऐकतात ते.”

सगळे कमळूकडे बघायला लागले. त्याची मान खाली होती, विणायचे हात थांबले होते. देवरामला वाडीची रीत एव्हाना कळली होती. तो कोंडूबाबांना म्हणाला, “गप्प हाय म्हंजे येतो. बरोबर नं बाबा? तुमच्यात असंच हाय नं?”

कोंडूबाबा कमळूकडे वळले.

कमळूने मान वर केली. इरलं बाजूला ठेवलं. देवराम जायला वळला, तेव्हा तो बोलला.

“नाय.”

देवराम थांबला.

“नाय येनार मी. आन बैल कुठं रुततो तोबी सांगनार नाय.”

“बोलतोस की रे,” देवराम म्हणाला. हसू आणायचा त्याने प्रयत्न केला, पण अंगणात त्याच्यासोबत कुणी हसलं नाही.

रखमी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. हात राखेने भरलेले होते.

“अंगठा पायजे का, देवराम?” ती म्हणाली. “या टायमाला खराच नाय म्हनलाय.”

देवराम उतरून गेला. त्या वर्षी ओढ्याकाठचं खाचर पड राहिलं.